झिंक ऑक्साइडचा पहिला स्पेक्ट्रम घेताना

लेझर पाडल्यावर झिंक ऑक्साइड जो प्रकाश सोडतं, त्याच्या स्पेक्ट्रममध्ये (वर्णपटात) हिरवा पट्टा दिसला, छान! पण लगेच ‘ऑक्सिजनची रिकामी जागा’ (स्फटिकात ऑक्सिजनचा अणू नसलेली जागा) असं लिहून मोकळा होऊ नकोस. नवशिक्यांची हीच मोठी चूक. तांब्याच्या अशुद्धीनेही हिरवा प्रकाश येतो, आणि त्याच्या मुळाबद्दल जाणकारांत अजून वाद आहे. आत्ता फक्त ‘दोषांचा पट्टा’ म्हण.

आधी एवढं सांभाळ:

- ३२५ नॅनोमीटर लेझरची दुसऱ्या क्रमाची रेघ (उपकरणातल्या जाळीमुळे दुप्पट तरंगलांबीवर दिसणारी नक्कल) ६५० वर उमटते. फिल्टर लाव, नाहीतर तिलाच दोष समजशील.
- खोलीचं तापमान लिहून ठेव. आपल्या नागपुरात मे आणि जानेवारीत फार फरक. तापलं की बँडगॅप (इलेक्ट्रॉनला ओलांडावी लागणारी ऊर्जेची दरी) घटतो, ३८० जवळचं शिखर सरकतं.
- नमुना ज्यावर आहे ती नुसती काचही मोजून बघ.

अतिशीत मोजमापं नंतर. कुठे अडलास तर आलेख घेऊन ये, सोबत बसून पाहू.