परसात कोंबडी ठेवायची, पण कोणती?

प्रश्न : घरापुरत्या दहा-बारा कोंबड्या ठेवायच्या आहेत. कडकनाथ घ्यावा का?

कडकनाथ हा काळ्या पिसांचा, काळ्या मांसाचा पक्षी, मूळचा मध्य प्रदेशातल्या झाबुआ-धार भागातला. २०१८ मध्ये त्याच्या मांसाला भौगोलिक मानांकन मिळालं. पक्षी काटक, ऊन सोसणारा. अंडी मात्र वर्षाला शंभराच्या आतबाहेर, आणि मादी खुडूक (म्हणजे अंडी उबवायला) बसायला नाखूश. तिची अंडी गावरान कोंबडीखाली ठेवावी लागतात. म्हणून माझा सल्ला असा : आधी चार-पाच गावरान तलंगा (अंड्यावर येऊ घातलेल्या तरुण कोंबड्या) घ्या, कडकनाथ नंतर. आणि हो, कडकनाथाचं अंडं काळं नसतं, फिकट बदामी असतं. काळं अंडं दाखवणाऱ्याकडून काहीच घेऊ नका.

प्रश्न : वनराज आणि गिरिराज देशीच ना? दुकानदार तसं सांगतो.

नाहीत. दिसायला रंगीत असल्या तरी त्या सुधारित संकरित जाती आहेत. वनराज हैदराबादची, गिरिराज बंगळूरची. अंडी गावरानपेक्षा जास्त, वजन लवकर भरतं. पण त्या सहसा खुडूक बसत नाहीत आणि घरच्या अंड्यांतून निघालेली पिढी आईबापासारखी उतरत नाही. म्हणजे दर खेपेला पिल्लं विकत आणणं आलं. शिवाय अंगानं जड; घार झेपावली की गावरान कोंबडी झुडपात शिरते, ही उघड्यावरच सापडते. पक्कं खुराडं आणि वर जाळी असेल तर खुशाल ठेवा.

प्रश्न : असील कसा?

असील ही झुंजीची जात. मादी अंडी थोडी देते, पण पिल्लं जिवापाड सांभाळते. नर मात्र एकच ठेवा. दोन ठेवलेत तर एक मरेल.

प्रश्न : जात काटक असेल तर लस कशाला?

मानमोडी (राणीखेत) हा कोंबड्यांचा जीवघेणा रोग जात बघत नाही. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा या लशीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, चौथ्या आठवड्यात पुन्हा, आणि आठव्या आठवड्यात पंखाच्या कातडीखाली आर-टू-बी ही याच रोगाची दुसरी लस. कुपी शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची येते आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. तेव्हा वाडीतल्या चार घरांनी मिळून एकाच सकाळी लसीकरण उरका. लस दवाखान्यातून आणताना बर्फात आणा. खिशात घालून आणलेली लस म्हणजे नुसतं पाणी.