नीरोच्या आईची बोट खरंच फसली होती

तुम्ही विचारलंय की इटालियन दिग्दर्शक स्टेनोच्या 1956च्या ‘मिओ फिल्यो नेरोने’ या विनोदी सिनेमामध्ये रोमन सम्राट नीरो आईचा काटा काढायला जातो आणि तोंडावर आपटतो, ते हसवण्यासाठी रचलंय का. अजिबात नाही. घडलं ते जास्तच वेडगळ होतं.

रोमन चरित्रकार स्युटोनियस सांगतो, तीनदा विष दिलं, पण आई अग्रिपिना आधीच उतारा घेऊन बसलेली. निजायच्या खोलीचं छत पाडायचा बेत होण्याआधीच फुटला. मग इ.स. 59च्या मार्चमध्ये, बाईये या समुद्रकाठच्या गावी, ती बोट. डोकं आरमारप्रमुख अनिसेटसचं. छतावर शिसं लादायचं, खूण होताच ते खाली, बोट दुभंगणार आणि खापर समुद्रावर. शिसं पडलं, सुकाणूजवळ उभा असलेला तिचा सोबती क्रेपेरियस गॅलस जागीच गेला. पण बाईसाहेब पहुडल्या होत्या त्या पलंगाच्या बाजू उंच नि दणकट, छत त्यांवरच अडकलं. बोट दुभंगेना, कारण बहुतेकांना कट ठाऊकच नव्हता. ठाऊक असलेले एका अंगाला भार देऊन ती उलटवायला गेले, तर बाकीचे तिला सावरायला विरुद्ध अंगाला. त्यामुळे बोट सावकाश कलली. सोबतीण अ‍ॅसेरोनिया ‘मीच अग्रिपिना, वाचवा!’ म्हणून ओरडली, तिला वल्ह्यांनी ठेचलं. खरी अग्रिपिना खांद्याला मार लागलेला असूनही तोंड मिटून पोहत सुटली. वर मुलाला निरोप, ‘देवकृपेने वाचले, इतक्यात भेटायला येऊ नकोस.’ नीरोने निरोप्याच्या पायाशी तलवार टाकून ‘मारेकरी!’ म्हणून त्यालाच धरवलं आणि मग माणसं पाठवून आईला संपवलं.

त्यामुळे ‘विनोदी सिनेमा म्हणजे इतिहासाची टवाळी’ म्हणणाऱ्यांशी माझं कधीच जमलं नाही. जळत्या रोमपुढे वाद्य छेडणारा नीरो गंभीर चित्रपटांनीही डोक्यात भरवलाय. 64ची आग लागली तेव्हा तो रोमबाहेर, अँटियम गावी होता. परतल्यावर त्याने बेघरांना स्वतःच्या बागा उघडून दिल्या, धान्याचा भाव उतरवला.

अर्थात बोटीचा तपशील रोमन इतिहासकार टॅसिटसचा, आणि तो तेव्हा अगदी लहान होता. नीरोबद्दल त्याला प्रेमही नव्हतं. शिवाय सिनेमात नीरो झालेला सोर्दी पस्तिशीचा, खरा नीरो तेव्हा 21 वर्षांचा. अग्रिपिना झालेली ग्लोरिया स्वान्सनही खऱ्या अग्रिपिनापेक्षा बरीच थोराड.

आणि नीरोची प्रेयसी पॉपिया झालेल्या बार्दोची दुधाची आंघोळ? खऱ्या पॉपियाच्या आंघोळीसाठी रोमन लेखक प्लिनी पाचशे गाढविणी सांगतो. एका गाढविणीचं दूध पिल्लू पाजून दिवसाला उरतं ते जेमतेम एखादं लिटर, तेव्हा आकडा फार फुगवलेला वाटत नाही.