वाचकांचे प्रश्न : पारव्याच्या पिसांतील उवा

प्रश्न : आमच्या रामबागेतील घराच्या खिडकीच्या काचेवर आदळून एक पारवा गॅलरीत मरून पडला. उचलताना त्याच्या पंखांच्या लांब पिसांत काळपट, अगदी सडपातळ किडे दिसले आणि त्यांतील काही माझ्या हातावरही चढले. घरात दोन वर्षांची नात आहे. या उवा माणसाला लागतात का? आणि पारवे दिवसभर पिसे साफ करीत असतात, तरी त्या टिकतात कशा? – एक वाचक, इंदूर

उत्तर : नातीची काळजी नसावी. या उवा माणसाला लागत नाहीत. माणसाच्या डोक्यातील ऊ रक्त शोषते. आपण पाहिलेली ऊ चावून खाणाऱ्या उवांपैकी असून पिसांच्या मऊ, लवदार भागावर जगते आणि पक्ष्याची ऊब सुटली की काही दिवसांतच मरते. पक्षी मेल्यावर त्याचे अंग थंड पडू लागते तसतशा उवा बाहेर सरकतात, म्हणूनच त्या आपल्या हातावर आल्या. पारव्यांच्या जुन्या घरट्यांजवळ राहणाऱ्यांच्या अंगाला कधीकधी खाज सुटते, तो प्रताप बहुधा रक्त पिणाऱ्या बारीक कोळिकिड्यांचा असतो; त्याचे खापर उवांवर फोडू नये.

आपला दुसरा प्रश्न मात्र अधिक रंगतदार आहे. पारव्याच्या पंखांत राहणाऱ्या या उवेचे शास्त्रीय नाव कोलंबिकोला कोलंबी. लांबी २ ते ३ मिलिमीटर. भिंगातून पाहिल्यास ती पिसाच्या दोन तंतूंमधील खाचेत तंतूंना समांतर, जबड्यांनी घट्ट धरून पडलेली दिसते. तिच्यावरून चोच फिरली तरी ती सहसा हाती लागत नाही. गंमत अशी, की ही जागा तिच्या लपण्याची आहे, जेवणाची नव्हे. खाण्यासाठी तिला अंगावरील मऊ पिसांकडे जावे लागते. पारव्यावरच राहणारी दुसरी एक ऊ आखूड आणि रुंद असते. ती अंगावरच्या लवेत बुडून राहते, त्यामुळे तिला सडपातळ होण्याची गरजच पडलेली नाही. कोणती ऊ पक्ष्याच्या कोणत्या भागात राहते, हे तिच्या बांध्यावरून पुष्कळदा ओळखता येते, ते यामुळेच.

पारव्याची चोच नीट पाहिली, तर वरच्या चोचीचे टोक खालच्या चोचीपुढे १ ते २ मिलिमीटर आलेले दिसेल. अमेरिकेतील युटा विद्यापीठातील डेल क्लेटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही पारव्यांचे एवढेच टोक काढून टाकले. त्या पारव्यांना दाणे टिपण्यात अडचण आली नाही, परंतु त्यांच्या अंगावरील उवा भराभर वाढल्या. त्याच प्रयोगशाळेत पुढे पांढऱ्या, करड्या आणि काळ्या पारव्यांवर उवा सोडून सुमारे ४ वर्षे, म्हणजे उवांच्या जवळजवळ ६० पिढ्या, निरीक्षण करण्यात आले. पांढऱ्या पक्ष्यांवरील उवा फिकट होत गेल्या आणि काळ्यांवरील गडद. मात्र ज्यांच्या चोचीत बारीक कडी अडकवून ती पूर्ण मिटू दिली नव्हती, त्या पक्ष्यांवर असा बदल झाला नाही. चोचीच्या नजरेस पडणारी ऊ मारली जाते आणि न दिसणारी उरते, एवढ्यावरच हा बदल घडला. उत्क्रांती पाहायला लाखो वर्षे थांबावे लागते असे मानणाऱ्यांनी हा प्रयोग जरूर लक्षात घ्यावा.

एका पारव्यावरून दुसऱ्यावर जाण्यासाठी या उवांना एरवी पक्ष्यांचा प्रत्यक्ष स्पर्श लागतो, जसा जोडीदारांत किंवा घरट्यात आईबापांकडून पिलांना होतो. पण पंखांतील सडपातळ ऊ पारव्यांचे रक्त पिणाऱ्या चपट्या माशीच्या अंगाला धरून उडतही जाते. रुंद ऊ हा फुकटचा प्रवास क्वचितच साधते.

गॅलरीत येणाऱ्या पारव्यांवर औषधी भुकटी टाकण्याचा विचार असेल, तर तो सोडावा. उवा फार वाढल्यास पिसे झिजून पक्ष्याच्या अंगची ऊब कमी टिकते हे खरे, पण धडधाकट चोचीचा पारवा त्यांना आटोक्यात ठेवतो.

प्रश्न : मी प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी आहे. सिरपूर तलावावर हिवाळ्यात येणाऱ्या बदकांच्या उवांचा अभ्यास करावा अशी इच्छा आहे. सुरुवात कशी करावी? – एक वाचक, इंदूर

उत्तर : बदकांपासून करू नये. वन्य पक्षी पकडण्यासाठी वनविभागाची परवानगी लागते आणि ती बहुधा संशोधन संस्थेमार्फतच मिळते. तलावाकाठी मेलेले पक्षी तर मुळीच हाताळू नयेत. डिसेंबर २०२० च्या अखेरीस इंदुरात मेलेल्या कावळ्यांमध्ये एच५एन८ हा बर्ड फ्लूचा विषाणू सापडला होता. असे पक्षी दिसल्यास पशुपालन विभागाला कळवावे.

आपल्या मार्गदर्शकांच्या देखरेखीखाली कोंबड्या आणि पाळीव कबुतरे यांपासून प्रारंभ करावा. पिसांतील उवा झाडून घेण्यासाठी प्रत्येक पक्ष्याला नवा कागद आणि त्या ठेवण्यासाठी वेगळी कुपी घ्यावी, कारण एका पक्ष्याची ऊ दुसऱ्याच्या नमुन्यात मिसळली, तर कोणती ऊ कोणाची हा मूळ प्रश्नच नासतो. नमुने ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावेत. पक्ष्याची जात, ठिकाण आणि तारीख पेन्सिलीने लिहून चिठ्ठी कुपीच्या आत टाकावी, कारण शाईचे अक्षर अल्कोहोलमध्ये पसरते. सूक्ष्मदर्शकाखाली आधी डोके पाहावे : शृंगिका (डोक्यावरील मिशांसारखे अवयव) डोक्याखालच्या खोबणीत दडलेल्या असतील, तर ऊ अँब्लिसेरा गटातील, आणि दोन्ही बाजूंना स्पष्ट दिसत असतील, तर इश्नोसेरा गटातील. पारव्याच्या वर सांगितलेल्या दोन्ही उवा इश्नोसेरा गटातील असल्याने हा फरक नीट समजण्यासाठी कोंबडीच्या उवाही सोबत ठेवाव्या लागतील.