नाल्याच्या पाण्यावरची उपटलेली भाजी वीटभट्टीला द्यावी का?

कुर्ला आणि मानखुर्दकडच्या दोन शेतकरीदादांचा साधारण एकच प्रश्न आलाय. रुळाच्या कडेला नाल्याच्या पाण्यावर पालक, लाल माठ करतात, भाजी लॅबला दिली तर शिसं आणि कॅडमियम जास्त निघालं म्हणून सगळं पीक उपटलं. आता ढीग पडलाय आणि भिवंडीकडचा एक भट्टीवाला म्हणतो की तुसाबरोबर मातीत कालवून विटा पाडतो, त्याला देऊ का?

दादा, उपटलंत ते फार बरं केलंत, हाताशी आलेलं पीक काढताना काय वाटतं ते मला माहितीये. पालेभाजीला कोडेक्सची (अन्नाच्या आंतरराष्ट्रीय मानकाची) मर्यादा शिशासाठी किलोला 0.3 मिलिग्रॅम आणि कॅडमियमसाठी 0.2 आहे, त्याच्या वरची भाजी घरात खायची नाही आणि तबेल्यात म्हशींनाही घालायची नाही. खतही करू नका, कारण ढीग कुजून कमी होतो पण धातू कुजत नाही, तो तेवढाच राहतो, म्हणजे खतात उलटा दाट होतो. काडी तर अजिबात लावू नका.

विटेची कल्पना खोटी नाहीये. चिकणमाती 900 ते 1000 डिग्रीला भाजली की तिचा थोडा भाग वितळून काचेसारखा होतो, शिसं, तांबं, जस्त मातीतल्या सिलिका, अ‍ॅल्युमिना आणि लोहाशी बांधले जातात आणि मग पावसाच्या पाण्यात सहज सुटत नाहीत. पाला जळताना थोडी उष्णताही देतो, तूस घालतात ते त्यासाठीच.

घोळ कॅडमियमचा आहे, ते 767 डिग्रीलाच उकळतं, म्हणजे विटेत अडकायच्या आधी बरंचसं धुरात जाऊ शकतं. त्यात खाडीजवळच्या नाल्याचं पाणी खारट, मिठातल्या क्लोरीनमुळे शिशाचं क्लोराइड झालं तर तेही साधारण 950 डिग्रीला उडतं. क्रोमियम उडत नाही, पण मातीत चुना जास्त आणि हवा भरपूर असेल तर ते पाण्यात विरघळणाऱ्या, जास्त विषारी रूपात जातं.

आता आपल्याकडची गावठी भट्टी बघा. मध्ये खंगर म्हणजे जास्त भाजून वितळलेल्या विटा, कडेला पिवळट कच्च्या विटा, सगळीकडे सारखी आच लागतच नाही. एखादी वीट फोडून बघा, आत काळा गाभा दिसला तर पाला नीट जळलेलाच नाही. धूर गाळायची काही सोय नसते, तो तिथेच खाली बसतो आणि भट्टीला लागून कातकरी कुटुंबं झोपडी करून राहतात, त्यांची पोरं त्याच राखेत खेळतात. आपल्या शेतातलं विष त्या पोरांच्या छातीत घालायचं हे मला पटत नाही, म्हणून या भट्टीवाल्याला माझं उत्तर नाहीच आहे.

आच मोजता येते, धूर गाळला जातो अशी भट्टी असेल आणि सुका पाला मातीत 5 टक्क्यांच्या आसपासच असेल तर विचार करता येईल. तेव्हाही वीट दळून पाझर चाचणी, म्हणजे त्यातून पाण्यात किती धातू सुटतो ते बघणं, हवीच, कारण वीट कधीतरी फुटणारच. 2016 च्या घातक कचरा नियमांप्रमाणे त्या पाण्यात शिसं लिटरला 5 मिलिग्रॅमच्या आणि कॅडमियम 1 च्या खाली पाहिजे. शिवाय आयएस 1077 या विटांच्या भारतीय मानकाप्रमाणे विटेची ताकद चौरस मिलिमीटरला किमान 3.5 न्यूटन हवी, पाला वाढवला की भोकं वाढतात आणि ती घसरते.

सध्या एवढं करा. हातमोजे, मास्क घालून ढीग ताडपत्रीवर पसरा, खाली पाझरू देऊ नका. पालेभाजीत 90 टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, 100 किलोचे वाळून 10 किलो राहतील. ते गोण्यांत भरून वर चिठ्ठी लावा, छपराखाली, पोरं आणि गुरं पोचणार नाहीत असं ठेवा आणि लॅबचा रिपोर्ट घेऊन प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ऑफिसला जा. तळोज्याला घातक कचऱ्याची सोय आहे, ते घेतील का आणि कसं हे तिथेच विचारा, दोघांनी मिळून एकच टेम्पो केला तर खर्च वाटला जाईल. त्या जागेत पुढे पालेभाजी नको, झेंडू लावा, पण झेंडूची झाडंही काढल्यावर खतात टाकू नका.