नाताळच्या काळातील शास्त्रवाचनांवर मनन कसे करावे?

आपण विचारले आहे की, नाताळात रोज वेगळे वाचन असते, तर मननाला आरंभ कोठून करावा. माझ्या मते तो मध्यरात्रीच्या मिस्सेपासून, म्हणजे चर्चमधील उपासनाविधीपासून, करावा. अंधारात चालणाऱ्या लोकांना मोठा प्रकाश दिसल्याचे यशया संदेष्ट्याचे वचन ऐकून लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायाकडे वळले, म्हणजे तो प्रकाश प्रथम रात्रभर कळप राखणाऱ्या साध्या मेंढपाळांना दिसला, हे मनाला भिडते. दिवसाच्या मिस्सेत योहानाचे शुभवर्तमान असते. त्यात गोठाही नाही आणि मेंढपाळही नाहीत, आहे तो केवळ देहधारी झालेला शब्द, म्हणजे येशू.

त्यानंतरचे दिवस मला अधिक मोलाचे वाटतात. २६ डिसेंबरला दगडमाराने मारल्या गेलेल्या पहिल्या ख्रिस्ती हुतात्म्याचे, स्तेफनचे, आणि २८ डिसेंबरला राजा हेरोदाने मारविलेल्या बेथलेहेमच्या बालकांचे वाचन येते. घरोघरी नेवऱ्या आणि दोदोल वाटले जात असताना, दारातले नक्षत्र अजून उजळलेले असताना, चर्च आपल्याला लेकरांसाठी रडणाऱ्या राहेलच्या आक्रोशापाशी नेते. ही वाचने टाळू नयेत. त्या दिवशी आपल्या परिचयातील एखाद्या शोकग्रस्त घराचे स्मरण करून ती सावकाश दोनदा वाचावीत.

गोव्यातील मांडवीकाठचे रेईश मागूशचे चर्च बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांच्या नावाचे आहे. शुभवर्तमानकार मत्तय मात्र त्यांना राजे म्हणत नाही आणि त्यांची संख्याही सांगत नाही. तेथील ६ जानेवारीच्या फेस्ताला (चर्चच्या सणाला) जाण्यापूर्वी मत्तयाचा दुसरा अध्याय अवश्य वाचावा.