डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांच्या भूमिका-खेळात तुला हाफलिंग (बुटक्या वंशातला) सॉर्सरर, म्हणजे जादूगार हवाय, तोही पंडित? जमतंय की!

अरे, पहिल्यांदा एक ठरव: सॉर्सररची जादू रक्तातली, पुस्तकातली नव्हे. पुस्तकातून शिकतो तो विझार्ड. मग हा एवढं वाचतो कशाला? आपली ताकद आली कुठनं, हे शोधायला! आपल्याकडं खानापूर-निपाणीच्या घरांत आजोबांचे मोडी कागद ट्रंकेत पडून असतात, वाचणारा कोणी नसतो. तुझ्या हाफलिंगला असंच एक दप्तर दे. डीएमला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, त्यातनं वर्षभराचं कथानक मिळेल.

२०१४ च्या नियमांनी खेळत असशील तर लाइटफूट हा हाफलिंगांचा उपवंश घे. पात्राच्या सहा गुणांपैकी करिश्म्याला (व्यक्तिमत्त्वाची छाप) १५ ठेव, वंशाचा एक मिळून १६. डेक्स्टेरिटी (चपळाई) १४ अधिक वंशाचे २, म्हणजे तीही १६. कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) १३, इंटेलिजन्स (बुद्धी) १२, विज्डम (शहाणपण) १०, स्ट्रेंथ (शारीरिक ताकद) ८. पंडित आहे म्हणून बुद्धीला १५ देऊ नको. सॉर्सररचे मंत्र करिश्म्यावर चालतात. विद्वत्तेला सेज (विद्वान) बॅकग्राउंड, म्हणजे पात्राची पार्श्वभूमी पुरे: आर्काना (जादूविषयीचं ज्ञान), इतिहास, वर दोन जादा भाषा. दोन भाषांत वाढलेल्या बेळगावच्या पोरानं त्या तरी विचार करून निवडाव्यात.

जादूचा उगम म्हणून ड्रॅगनचं रक्त घेतलंस तर चिलखताशिवाय एसी (हल्ला लागू न देणारा बचावाचा आकडा) १६. पण पहिल्या लेव्हलला हिट पॉइंट (मार सोसायची क्षमता) आठच, तेव्हा गॉब्लिनसमोर व्याख्यान नको. हाफलिंगचं नशीब मात्र विसरू नको, नवे लोक हमखास विसरतात: हल्ला, चाचणी किंवा सेव्हला (धोक्यातून वाचायच्या फाशाला) वीस बाजूंच्या फाशावर १ पडला की पुन्हा टाकायचा.

पहिल्या लेव्हलला, कॅन्ट्रिप नावाचे छोटे मंत्र सोडून, मंत्र दोनच मिळतात. एक बचावाचा शील्ड, दुसरा तुझ्या आवडीचा.