पहिलं सॉफ्टवेअर निवडताना

रात्रीच्या आकाशाचे फोटो काढायला लागताना, सुरुवातीला विकतचं सॉफ्टवेअर काही घेऊ नका. डीएसएलआर आणि ट्रायपॉड एवढंच असेल, तर स्टेलॅरियम (आकाशाचा नकाशा दाखवणारं) आणि सिरिल (फोटो एकत्र करून सुधारणारं) पुरेत. दोन्ही मोफत आहेत आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतात. स्टेलॅरियममध्ये ‘ऑक्युलर्स’ प्लगइन सुरू करून सेन्सरची मापं आणि लेन्सचं फोकल लेंग्थ भरा. मृग नक्षत्रातला तेजोमेघ चौकटीत किती मावेल, ते घरीच कळतं.

फोटो रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्येच काढा. सिरिलची तयार स्क्रिप्ट वापरायची तर फोल्डरांची नावं इंग्रजीत, लाइट्स (lights, आकाशाचे फोटो), डार्क्स (darks, लेन्सला झाकण लावून काढलेले), फ्लॅट्स (flats, एकसारख्या उजेडाच्या पृष्ठभागाचे), बायसेस (biases, झाकण लावून सर्वांत कमी एक्स्पोजरचे) अशीच हवीत. स्पेलिंग चुकलं की स्क्रिप्ट तिथेच थांबते. डार्क फ्रेमचा आयएसओ आणि एक्स्पोजर लाइट्सइतकाच, तापमानही शक्य तितकं जवळचं. फ्लॅट्स घेईपर्यंत फोकसला हात लावू नका, नाहीतर धुळीचे डाग पुसले जाण्याऐवजी उठून दिसतात.

बहुतेकांचं काम अडतं ते डिस्कवर. २४ मेगापिक्सेलची एक रंगीत फ्रेम ३२ बिटमध्ये सुमारे २९० एमबी होते. १०० फ्रेम म्हणजे प्रत्येक टप्प्याला २९ जीबी, आणि टप्पे अनेक. १०० जीबी तरी मोकळी ठेवा.

स्टॅकिंगनंतर, म्हणजे सगळ्या फ्रेम एकत्र करून एक फोटो झाल्यावर, आधी बॅकग्राउंड एक्स्ट्रॅक्शन (पार्श्वभूमीचा नकोसा उजेड काढणं), मग रंगांचं कॅलिब्रेशन, स्ट्रेचिंग (अंधुक भाग उजळवणं) त्यानंतरच. शहराजवळच्या आकाशात हा क्रम फार महत्त्वाचा.

ग्रहांसाठी मात्र व्हिडिओ घेऊन ऑटोस्टॅकर्ट (व्हिडिओतल्या चांगल्या फ्रेम निवडून एकत्र करणारं सॉफ्टवेअर) वापरा. गुरू दहा तासांत स्वतःभोवती फिरतो, म्हणून व्हिडिओ दोन-तीन मिनिटांचाच. पीएचडी२ हे सॉफ्टवेअर गायडिंगसाठी, म्हणजे माउंट ताऱ्यावर अचूक रोखून ठेवण्यासाठी आहे. आकाशाबरोबर कॅमेरा फिरवणारं मोटरचं माउंट येईपर्यंत त्याची गरज नाही.